८ ते १२ वयाच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या: लेखकाने कशा वाचाव्यात आणि कशा सुचवाव्यात

आपण मुलांसाठी लिहितो हे लोकांना एकदा कळलं की विचारणा सुरू होते. ‘आमच्या भाचीसाठी एखादं पुस्तक सुचवा ना, दहा वर्षांची आहे.’ विचारणाऱ्याला उत्तर तिथल्या तिथे हवं असतं आणि आपल्यालाही नुकत्याच आवडलेल्या कादंबरीचं नाव सांगून टाकावंसं वाटतं. पण ‘दहा वर्षांची’ एवढ्याच माहितीवर पुस्तक सुचवणं म्हणजे वय ऐकून चष्म्याचा नंबर सांगणं.

हा लेख मुलांसाठी नुकतंच लिहायला लागलेल्यांसाठी आहे. लेखक म्हणून आपल्याला भावलेलं पुस्तक आणि समोरच्या मुलाला आज हवं असलेलं पुस्तक ही एकच गोष्ट असेल असं नाही. आपल्याला दोन्हींसाठी वाचावं लागतं, आणि दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात. हे जमलं की शिफारस नीट करता येते, शिवाय आपल्या स्वतःच्या लिखाणातही फरक पडतो. कारण मग लिहिताना डोळ्यांसमोर ‘मुलं’ नावाचा घोळका राहत नाही, एक एक वाचक येतो.

आधी वयोगट नीट समजून घ्या

जगभरातले प्रकाशक ज्याला ‘मिडल ग्रेड’ म्हणतात, तो साधारण ८ ते १२ वर्षांच्या वाचकांचा गट. त्याच्या अलीकडे नुकतं स्वतःचं स्वतः वाचायला लागलेल्यांची मोठ्या टाइपातली, भरपूर चित्रांची छोटी पुस्तकं असतात. पलीकडे साधारण १२-१३ च्या पुढची किशोरवयीन कादंबरी सुरू होते. मधल्या गटातला नायक किंवा नायिका बहुतेक वेळा १० ते १३ वर्षांची असते, कारण मुलांना आपल्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या पात्राबद्दल वाचायला आवडतं. नऊ वर्षांचा वाचक अकरा वर्षांच्या मुलाची गोष्ट आनंदाने वाचतो. अकरा वर्षांच्या मुलीला मात्र आठ वर्षांची नायिका ‘लहान मुलांची’ वाटते.

इंग्रजीत या गटातल्या कादंबऱ्या साधारण ३० ते ५० हजार शब्दांच्या असतात. अद्भुतरम्य कादंबऱ्या याहून बऱ्याच मोठ्या होतात. मराठीत याच वयासाठीची पुस्तकं पुष्कळदा याहून लहान असतात. पण शब्दसंख्येपेक्षा पात्राची नजर कुठे वळलेली आहे ते पाहणं महत्त्वाचं. किशोरवयीन कादंबरीतलं पात्र ‘मी कोण आहे’ या प्रश्नात गुंतलेलं असतं. मधल्या गटातलं पात्र जगाकडे पाहत असतं: मैत्री टिकेल का, घरात काय चाललंय, शाळेतला अन्याय कोण थांबवणार, त्या बंद खोलीत काय आहे. दुःख, भीती, मृत्यू या सगळ्यांना इथे जागा आहे. हिंसेचं बारीक वर्णन आणि शारीरिक प्रेम यांना नाही. शेवटी सगळं गोड व्हायलाच हवं असं नाही, पण वाचणाऱ्याला अंधारात एकटं सोडून पुस्तक संपत नाही.

पुस्तकावर छापलेला वयोगट म्हणजे फक्त अंदाज. तो पाहा, पण त्यावर विसंबू नका.

काय वाचायचं ते ठरवा

नव्या लेखकांच्या वाचनात एक अडचण सर्रास दिसते. मुलांसाठीचं त्यांचं वाचन स्वतःच्या लहानपणापाशी थांबलेलं असतं. ती पुस्तकं प्रिय असतात आणि असायलाही हवीत. पण आज दहा वर्षांचं असलेलं मूल वेगळ्या वेगाने वाचतं, वेगळं ऐकतं-पाहतं, आणि त्याच्यासाठी आज लिहिलंही वेगळं जातं. म्हणून वाचायच्या ढिगातली निम्मी तरी पुस्तकं गेल्या दहा वर्षांतली ठेवा. उरलेल्यांत जुनी येऊ द्या, अनुवादित येऊ द्या.

स्वतःला न आवडणारा प्रकारही मुद्दाम वाचा. तुम्हाला रहस्यकथा कंटाळवाण्या वाटत असतील, तर तुमच्या शिफारशींत त्या कधीच येणार नाहीत, आणि रहस्यकथांनीच वाचनाकडे वळू शकणारी मुलं तुमच्या हातून सुटतील. मालिकांचंही तसंच. मोठ्यांना मालिकेतलं सातवं पुस्तक पहिल्यासारखंच वाटतं. मुलाला नेमकं तेच हवं असतं: ओळखीची माणसं, ओळखीचं घर, फक्त संकट नवं. ओळखीच्या जगात शिरताना कष्ट पडत नाहीत आणि पानं भराभर उलटतात. सलग वाचायची सवय अशीच लागते. चित्रकादंबऱ्या आणि मुक्तछंदातल्या कादंबऱ्या यांनाही या ढिगात बरोबरीचं स्थान द्या. पानावर मोकळी जागा जास्त असली की दबून जाणाऱ्या वाचकाला धीर येतो.

पुरस्कारांच्या याद्यांचा उपयोग होतो, पण ते पुरस्कार कशासाठी दिले जातात हे माहीत असावं. अमेरिकेतलं मुलांच्या पुस्तकांसाठीचं न्यूबेरी पदक १९२२ पासून दिलं जातं. त्याच्या निकषांत स्पष्ट लिहिलं आहे की ते पुस्तकातल्या उपदेशासाठी किंवा पुस्तकाच्या लोकप्रियतेसाठी दिलं जात नाही, साहित्यगुणांसाठी दिलं जातं. निवड मोठी माणसं करतात. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१० पासून आहे. अशा यादीतून आपल्याला ‘चांगलं कसं लिहिलं जातं’ ते कळतं. ‘माझ्या शेजारच्या मुलाला काय आवडेल’ याचं उत्तर त्यात नसतं. ते वाचनालयातल्या झिजलेल्या, पानं सुटलेल्या प्रतींमध्ये सापडतं. ग्रंथपालांना ‘चांगलं काय आहे’ असं विचारू नका. ‘कोणतं पुस्तक परत आलं की लगेच दुसरं कुणीतरी नेतं’ असं विचारा.

पहिल्यांदा वाचताना हातात पेन्सिल नको

पहिलं वाचन सलग, मुलाच्या वेगाने करा. मूल वाक्यरचनेचं कौतुक करायला थांबत नाही, तुम्हीही थांबू नका. पुस्तक संपल्यावर लगेच, पुन्हा न चाळता, तीन गोष्टी लिहून ठेवा. कुठे कंटाळा आला, कुठे हसू आलं, आणि कुठे पुस्तक खाली ठेवता आलं नाही. दोन दिवसांनी हे आठवेनासं होतं आणि त्या जागी आपली मतं येऊन बसतात.

एखादं प्रकरण मोठ्याने वाचा, जमल्यास कुणाला तरी वाचून दाखवा. या वयाच्या कितीतरी मुलांना अजून वाचून दाखवलं जातं, आणि कानाला खटकणारा संवाद डोळ्यांना बरेचदा खटकत नाही.

दुसरं वाचन कारागिराचं

आता पेन्सिल घ्या. इथे रमायला हरकत नाही, कारण लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त इथेच मिळतं.

पहिला प्रश्न: मोठी माणसं कुठे आहेत? आईवडील समंजस, हुशार आणि हाकेच्या अंतरावर असतील तर संकट दोन पानांत मिटेल. म्हणून प्रत्येक लेखकाला मोठ्यांना बाजूला करण्याची काहीतरी युक्ती करावी लागते. कुणी मुलांना प्रवासाला पाठवतं. कुणी पालकांना आजारी पाडतं, कामात बुडवतं. कुणी असं गुपित देतं की जे मोठ्यांना सांगताच येत नाही. सगळ्यात चांगल्या पुस्तकांत मोठी माणसं घरातच असतात, प्रेमळही असतात, पण त्यांना एक गोष्ट दिसत नसते. प्रत्येक कादंबरीसाठी ही युक्ती एका ओळीत लिहा. वीस पुस्तकांनंतर तुमच्याकडे जी यादी असेल ती लेखनाच्या कुठल्याही वर्गात मिळणार नाही.

दुसरा प्रश्न: भावना कोण सांगतंय? हे समजायला एक छोटं उदाहरण घेऊ. एकटा पडलेला मुलगा दोन प्रकारे लिहून पाहू.

‘निनाद फार एकटा होता. शाळेत त्याला कुणी मित्र नव्हते. त्याला खूप वाईट वाटायचं.’

आणि हे दुसरं:

‘मधल्या सुट्टीत निनाद नळापाशी गेला. तहान नव्हती. पण नळापाशी रांग असते, आणि रांगेत उभं राहिलं की आपण एकटे आहोत हे कुणाला कळत नाही.’

पहिल्यात मोठं माणूस मुलाबद्दल निकाल देतंय. दुसऱ्यात मुलगा एक युक्ती करतोय, आणि ती युक्ती फक्त एकट्या पडलेल्या मुलालाच सुचू शकते. ‘वाईट वाटायचं’ असा भावनेचा शिक्का निवेदकाने कुठे मारलेला नाही. दहा वर्षांचा वाचक हे बरोबर ओळखतो, बहुतेक वेळा आपल्याआधी. आता त्याच परिच्छेदाला एक वाक्य जोडून पाहा: ‘बालपणातला एकटेपणा असाच असतो.’ झालं, निवेदक मुलाच्या खांद्यावरून उठला आणि खुर्चीत जाऊन बसला. वाचताना अशी वाक्यं जिथे जिथे सापडतील तिथे समासात खूण करा. चांगल्या पुस्तकांतही ती सापडतात. पुस्तक सुचवताना ती किती आहेत हे लक्षात ठेवा, कारण ‘हे लोक मला काहीतरी शिकवतायत’ हा वास मुलांना लगेच येतो.

तिसरा प्रश्न प्रकरणांच्या शेवटांचा. प्रत्येक प्रकरणाची शेवटची दोन वाक्यं तेवढी वेगळी काढून एकाखाली एक वाचा. सगळी दार वाजल्यावर किंवा किंकाळी ऐकू आल्यावर संपत असतील तर पुस्तक पळतं, पण दमवतं. सगळी झोपण्यापाशी संपत असतील तर मूलही तिथेच झोपेल. दोन्हींची सरमिसळ कशी केली आहे ते पाहा.

मृत्यू किंवा मोठं नुकसान असलेलं पुस्तक वाचताना नुकसानाच्या नंतर किती पानं आहेत ते मोजा. ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’ १९५२ साली आलं. सगळं मिळून सुमारे ३२ हजार शब्दांचं आणि २२ प्रकरणांचं पुस्तक. त्यातली शार्लट, म्हणजे जाळं विणणारी मादी कोळी, एकविसाव्या प्रकरणाच्या शेवटी मरते. लेखकाने तो मृत्यू लांबवला नाही, सजवलाही नाही. मात्र त्यानंतर एक अख्खं प्रकरण ठेवलं आहे. त्यात हिवाळा सरतो, तिची पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात, बहुतेक उडून जातात आणि तीन मागे राहतात. रडणाऱ्या वाचकाला पुन्हा उभं राहायला लागणारा वेळ त्या प्रकरणात दिलेला आहे. जे पुस्तक मृत्यूनंतर अर्ध्या पानात संपतं, ते मोठ्यांना धीट वाटेल. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात ते कुणी सोबतीला नसताना देऊ नये असं मला वाटतं.

भाषेकडे पाहताना अवघड शब्द शोधत बसू नका. एखादा नवा शब्द संदर्भाने कळत असेल तर मुलं तो मजेत उचलतात. अडतं ते लांबलेल्या वाक्यांशी, एकामागून एक येणाऱ्या वर्णनांशी, आणि पाच नावं एकदम कानावर पडणाऱ्या पहिल्या पानाशी.

नोंद ठेवा, पण दोन रकान्यांत

एका बाजूला ‘मला काय शिकता आलं’, दुसऱ्या बाजूला ‘कुणाला द्यावं’. माझा आग्रह दुसऱ्या रकान्यासाठी आहे, कारण लेखक तो रिकामा ठेवतात. एका काल्पनिक कादंबरीची नोंद अशी दिसेल:

‘वय ९ ते १२. सुमारे १६० पानं. निवेदक ११ वर्षांची मुलगी, स्वतःच सांगते. आजोबांना विसरायला होतंय, ते सगळं एका वहीत लिहून ठेवतात, ती वही हरवते. सुरुवातीची २५ पानं सावकाश, नंतर सुसाट. विनोद भरपूर, सगळा धाकट्या भावाच्या तोंडी. अवघड जागा: आजोबा रात्री घरातून निघून जातात ते प्रकरण. शेवट: आजोबा बरे होत नाहीत, वही सापडते. द्यावं: भावंडांची भांडणं वाचायला आवडणाऱ्यांना, घरात असं आजारपण असेल तर आधी मोठ्यांशी बोलून. देऊ नये: पहिल्या पानापासून पळापळ हवी असणाऱ्यांना.’

‘देऊ नये’ ही ओळ प्रत्येक नोंदीत असायलाच हवी. ती लिहिता येत नसेल तर पुस्तक कुणासाठी आहे हे आपल्याला अजून कळलेलं नाही.

‘शिकता आलं’ या रकान्यात ‘भाषा सुंदर’ असं काही लिहू नका. ‘भावाचे विनोद नेहमी गंभीर वाक्यानंतर लगेच येतात’ असं लिहा. लिहायला बसल्यावर उपयोग याचाच होतो.

सुचवण्याआधी विचारा

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. पुस्तक सुचवणाऱ्याचं अख्खं काम या तीन ओळींत आलं आहे, आणि तिन्हींची सुरुवात वाचकाची चौकशी करण्यापासून होते.

शक्य असेल तर पालकांशी नाही, थेट मुलाशी बोला. ‘तुला कशी पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर येतं, ‘माहीत नाही.’ त्याऐवजी हे विचारून पाहा:

‘शेवटचं कोणतं पुस्तक मधेच सोडलंस? कुठे सोडलंस?’

‘ते जंगलाचं. खूप वेळ नुसती झाडंच होती.’

एवढ्यावरून बरंच कळतं. या मुलाला जंगल नको आहे असं नाही, जंगलात काहीतरी घडायला हवं आहे. पुस्तकं फार वाचलेली नसतील तर सिनेमा, खेळ, मालिका यांबद्दल विचारा, आणि त्यातली कोणती जागा पुन्हा पुन्हा पाहिली तेही. ‘कोणत्या गोष्टीबद्दल तू न थांबता बोलू शकतोस?’ हाही चांगला प्रश्न. आणि हळूच एवढं विचारा की ‘रडवणारं चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर मुलं फार प्रामाणिकपणे देतात. काहींना रडायचंच असतं. काहींच्या घरी आधीच पुरेसं चाललेलं असतं आणि त्यांना फक्त हसायचं असतं.

‘बोअर झालं’ या दोन शब्दांवर कधी थांबू नका. त्यामागे निदान तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात. एक, वाचायला जड गेलं, पण तसं कबूल करायची लाज वाटली. दोन, पात्रांपैकी कुणाचीच काळजी वाटली नाही. तीन, पुढे काय होणार ते आधीच कळलं. पहिल्याला सोपं, छोट्या प्रकरणांचं पुस्तक लागेल. दुसऱ्याला मैत्रीचं किंवा घरातलं, जिव्हाळ्याचं. तिसऱ्याला मात्र अधिक अवघड पुस्तक द्यायला हवं. तिघांनाही सरसकट ‘सोपं काहीतरी’ दिलं तर तिसरा मुलगा पुन्हा तुमच्याकडे येणार नाही.

वाचनाची पातळी जोखायला एक साधी पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. मधलं एखादं पान मुलाला वाचू द्यायचं, आणि न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजायचं. पाच बोटं झाली तर पुस्तक सध्या जड आहे. ही पद्धत नियम म्हणून वापरू नका. ज्या विषयाचं वेड आहे त्यावरचं जड पुस्तकही मूल धडपडत वाचतं, आणि नावडत्या विषयावरचं सोपं पुस्तक तसंच पडून राहतं.

आरसे आणि खिडक्या

अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली लिहिलेल्या एका लेखात मुलांच्या पुस्तकांची तीन रूपं सांगितली: आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारं. आरशात मुलाला स्वतःसारखं कुणी दिसतं, खिडकीतून दुसऱ्याचं जग दिसतं, आणि दारातून त्या जगात पाऊल टाकता येतं. त्यांची काळजी अशी होती की काही मुलांना फक्त खिडक्याच मिळतात, स्वतःचा चेहरा कुठेच दिसत नाही. आणि काहींना फक्त आरसेच मिळतात, त्यामुळे जग आपल्यासारखंच आहे असं त्यांना वाटत राहतं.

सुचवताना हे ध्यानात असू द्या, पण मुलावर शिक्का मारून पुस्तक देऊ नका. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीला दर वेळी व्हीलचेअरवरच्या मुलीचीच गोष्ट द्यायची नसते. तिला चाच्यांची गोष्ट हवी असेल. आरसा हाताशी असू द्या, निवड तिची. ‘मुलग्यांची पुस्तकं’ आणि ‘मुलींची पुस्तकं’ ही वाटणी तर पूर्णपणे सोडून द्या. मुलगी नायिका असलेलं पुस्तक मुलगा घेतो, फक्त देणाऱ्याने ‘हे मुलीचं आहे हं, पण वाच’ असं म्हणता कामा नये.

जुन्या पुस्तकांत रंग, जात, वजन, अपंगत्व, मुलींची अक्कल यांवर सहज मारलेले शेरे आढळतात. स्वतःच्या लहानपणीचं लाडकं पुस्तक सुचवण्याआधी ते आजच्या डोळ्यांनी पुन्हा पूर्ण वाचून काढा. मग ठरवा: तसंच द्यायचं, सोबत बसून वाचायचं, की याच आनंदाचं नवं काही शोधायचं.

शिफारस लिहिताना

‘अतिशय सुंदर, संस्कारक्षम, प्रत्येक मुलाने वाचलंच पाहिजे असं पुस्तक.’ यातून कुणाला काही कळत नाही. पुस्तकाचं नाव बदललं तरी हे वाक्य तसंच चालतं. वरच्याच काल्पनिक कादंबरीची मुलासाठीची शिफारस अशी लिहिता येईल:

‘एका मुलीचे आजोबा रोज थोडं थोडं विसरतायत, म्हणून सगळं एका वहीत लिहून ठेवतात. एक दिवस ती वहीच हरवते. शोधायला मदत करू शकेल असा एकच माणूस आहे, तिचा भाऊ. आणि त्याच्याशी तिची कट्टी आहे. सुरुवात जरा सावकाश आहे, वही हरवेपर्यंत थांब.’

चार-पाच वाक्यं, पुस्तकातली खरी अडचण, कुठे धीर धरायचा त्याची सूचना. तात्पर्य नाही, विशेषणं जवळजवळ नाहीत. याच पुस्तकाची पालकांसाठीची टिपणी वेगळी लागेल. तिच्यात विस्मृतीच्या आजाराचा उल्लेख हवा, रात्रीच्या प्रकरणाची पूर्वकल्पना हवी, आणि शेवटी आजोबा बरे होत नाहीत हेही हवं. पालकांसाठी शेवट उघड करायला हरकत नाही. मुलापासून तो जपलाच पाहिजे.

नाजूक विषयाचं पुस्तक ‘औषध’ म्हणून हातात ठेवू नये. आजी गेलेल्या मुलाला आठवड्याभरात आजी जाते अशी कादंबरी दिली तर त्याला ते पुस्तक आपल्यावर नेम धरून आलंय असं वाटू शकतं. ते दोन-तीन इतर पुस्तकांसोबत शेल्फवर ठेवा. तो घेईल तेव्हा घेईल.

एका वेळी तीन पुस्तकं पुढे करणं मला सगळ्यात योग्य वाटतं. एक, त्याने सांगितलेल्या आवडीच्या अगदी जवळचं. दुसरं, थोडं बाजूचं. तिसरं, त्याला अपेक्षितच नसेल असं. एकच दिलं तर तो गृहपाठ होतो. दहा दिली तर मूल एकही उचलत नाही.

ओळखीच्यांची पुस्तकं आणि स्वतःचं पुस्तक

आपण लिहितो तेव्हा इतर लिहिणारे मित्र होतात, त्यांची पुस्तकं भेट येतात. ज्याच्या लेखकाशी मैत्री आहे त्या पुस्तकाबद्दल लिहिताना ती मैत्री पहिल्याच ओळीत सांगा. प्रत फुकट मिळाली असेल तर तेही सांगा. न वाचलेलं पुस्तक कधीही सुचवू नका, ते कितीही नावाजलेलं असो. आवडलं नाही तर गप्प राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, खोटं कौतुक करण्याचा नाही. कारण ते पुस्तक विकत घेणारं मूल तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत असतं, आणि पुस्तक फसलं की बऱ्याचदा ‘मलाच वाचता येत नाही’ असं समजतं.

स्वतःचं पुस्तक? कुणी नाव घेऊन विचारलं तर जरूर सांगा. ‘काहीतरी सुचवा’ म्हणणाऱ्याला मात्र आधी दुसऱ्यांची द्या.

दिल्यानंतर

फ्रेंच लेखक डॅनिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. पहिला न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. पुस्तक देतानाच हे मुलाला सांगून टाका: ‘नाही आवडलं तर सोड, मला फक्त कुठे सोडलंस ते सांग.’ अशाने मूल खोटं ‘छान होतं’ म्हणत नाही, आणि तुमच्या नोंदवहीतल्या ‘देऊ नये’ या ओळीत खरी भर पडते.

वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ असं विचारू नका. ‘यातल्या कुणाशी तुझं भांडण झालं असतं?’ किंवा ‘कोणती जागा मला वाचून दाखवशील?’ असं विचारा. मुलं पान अचूक उघडतात. ती पानं लिहून ठेवा. बऱ्याच मुलांनी एकच पान उघडलं, तर ते पान लेखक म्हणून पुन्हा वाचायला घ्या.

पुस्तक आवडलं म्हणून लगेच त्याच लेखकाचं दुसरं देण्याआधी त्यातलं नेमकं काय आवडलं ते विचारा. त्या वहीच्या गोष्टीत भावाचं बोलणं आवडलं असेल तर पुढचं पुस्तक विनोदी हवं. शोध आवडला असेल तर रहस्यकथा. आजोबा आवडले असतील तर म्हातारं माणूस आणि मूल यांच्या मैत्रीचं एखादं काढा. आणि ‘परत तेच वाचायचंय’ असं उत्तर आलं, तर काहीही सुचवू नका, त्याला तेच वाचू द्या.